बसलेली स्त्री, नाव माहीत नाही

कलामहाविद्यालयाच्या संग्रहालयात मावशीची एकोणीस वर्षं गेली होती. कायमच्या संग्रहातली चित्रं मऊ ब्रशने झटकायची, वर्गात शिकवायला हवी ती काढून द्यायची, परत जाग्यावर लावायची, हे तिचं काम. "इतक्या डोळ्यांची भीती नाही वाटत?" विद्यार्थी विचारायचे. ती म्हणायची, "जिवंत माणसांपेक्षा बरे. निदान उलट बोलत नाहीत."

एका दुपारी नव्या मॅडमनी जुन्या विद्यार्थ्यांची चित्रं मागितली. आजवर कुणी न उघडलेल्या शेवटच्या रॅकमधून तिने एक ओढलं. खिडकीशी बसलेली विशीतली मुलगी. मागच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: 'बसलेली स्त्री. नाव माहीत नाही.'

मुलीच्या हनुवटीवर भाजल्याचा डाग होता. मावशीने चित्र उजेडात धरलं. लहानपणी मावशीच्याच हातून चहाचं भांडं त्या हनुवटीवर कलंडलं होतं. ही तिची ताई. चाळीस वर्षांपूर्वी घर सोडून गेली, ती गेलीच. बाबांनी तिचं नाव टाकलं. घरात फोटोसुद्धा ठेवला नाही. आणि ताईने जाताना मागे वळून पाहिलं नाही, हा डूख मावशीने आजवर मनात धरला होता.

त्या दिवसापासून साठ्याच्या खोलीत शिरलं की पाठीला नजर टोचायची. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं, तरी टोचायची.

शेवटी तिने चित्रावर सही असलेल्या, तेव्हा विद्यार्थी असलेल्या आणि पुढे इथेच शिकवून निवृत्त झालेल्या सरांचं घर गाठलं.

"आठवते ना!" सर म्हणाले. "तीन आठवडे बसली आमच्यासमोर. मान हलवू नको म्हटलं तरी समोरच्या शाळेची घंटा झाली की खिडकीकडे वळायचीच. म्हणायची, माझी धाकटी बाहेर पडेल आता, एवढं बघू द्या."

"मग खाली का नाही आली?" मावशीचा आवाज चिरकला.

"मीही तेच विचारलं. म्हणाली, मला भेटली हे घरी कळलं तर तिला मार बसेल. मग एक दिवस आलीच नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी मॅडमसमोर उभी राहिली. "चिठ्ठी बदलायचीय."

"पुरावा काय, मावशी?"

"ती हनुवटी माझ्या हातनं भाजलीय. आणखी काय देऊ?"

मॅडमनी नवी चिठ्ठी तिलाच लिहायला दिली. ताईचं नाव लिहिताना पहिल्याच अक्षराशी तिचा हात अडला. चाळीस वर्षांत ते तिने एकदाही लिहिलं नव्हतं.

ताई पुढे कुठे गेली, ते कुणालाच कळलं नाही. मावशी मात्र आता रोज शाळा सुटायच्या वेळेला ते चित्र बाहेर काढते आणि त्याच्यासमोर पाच मिनिटं उभी राहते.