पंचकाकांची खोटी पेनल्टी

पंचकाकांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि सुट्टीच्या दिवशी ते फुटबॉलच्या सामन्यांत शिट्टी फुंकत. चष्मेवालाच पंच म्हटल्यावर प्रेक्षकांना आयतं कोलीत मिळालं. "काका, आधी स्वतःचे डोळे तपासा," हे तीस वर्षं ऐकून त्यांचे कान किटले होते. ते त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. मनाला लागलं ते घरातलंच बोलणं. एकोणीस वर्षांपूर्वी एका अंतिम सामन्यात त्यांनी बायकोच्या सख्ख्या भावाविरुद्ध पेनल्टी दिली, आणि त्याचा संघ हरला. तेव्हापासून चार पाहुणे जमले की मेहुणा सुरू, "मी नुसता बॉल काढला होता. दाजींनी पैसे खाल्ले."

म्हणे हसतहसत, पण पंचकाकांच्या घशाखाली घास उतरत नसे.

अशा माणसाला लाचखाऊ पंचाचं काम मिळावं, हा नशिबाचा चावटपणाच. फुटबॉलमधल्या भ्रष्टाचारावरची टीव्ही मालिका, तिचा शेवटचा भाग, त्यात काकांचा एवढुसा प्रसंग. बचाव करणारा खेळाडू कुणाला न पाडता चेंडू स्वच्छ काढतो आणि विकला गेलेला पंच पेनल्टी देतो. पण कॅमेरा सुरू झाला की काकांचा हात आपसूक कोपऱ्याच्या झेंड्याकडे जाई. सहा वेळा गेला.

"अहो, चेंडूच काढलाय त्यानं. कॉर्नरच होतो ना, पेनल्टी कशी देऊ?" काका काकुळतीला येऊन सांगत होते.

दिग्दर्शकाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं डोकं धरलं. शेवटी काकांनी बचाव करणाऱ्या नटाला बाजूला घेतलं. "खरंच पाड रे बाबा, मग देतो." त्यानं इमानेइतबारे पाडलं, काकांनी झोकात पेनल्टी दिली, आणि दिग्दर्शकाचा जीव भांड्यात पडला.

केवढा घोळ घातलाय हे काकांना कळलं ते मालिका संपायच्या संध्याकाळी. खोली शेजाऱ्यांनी भरली होती. मेहुणा मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसला होता. "दाजी, भूमिका शोभते हं तुम्हाला," तो म्हणाला, तेव्हा काकांना वाटलं, आता उरलीसुरली अब्रूही गेली. पडद्यावर पाय अडकला, खेळाडू आडवा झाला. तेच पुन्हा संथ गतीनं दाखवलं आणि पोलीस अधिकारी बाई गरजल्या, "विकलेली पेनल्टी. घाला याला बेड्या."

मेहुणा ताडकन उठला. "बेड्या कसल्या घालता? ढळढळीत पाय घातलाय. आंधळासुद्धा देईल ही पेनल्टी. दाजींचं बरोबर आहे."

खोलीत सगळ्यांची हसून हसून मुरकुंडी वळली. काकू तर डोळे पुसत होत्या. मेहुणा मात्र उभाच होता.

"लागला होता," तो टीव्हीकडे बघत हळूच म्हणाला.

"दिसलं की आम्हाला," काका म्हणाले.

"ह्याचा नाही. माझा पाय. त्या दिवशी, अंतिम सामन्यात."

"जरासा?" पंचकाकांनी विचारलं.

"चांगलाच लागला होता, दाजी."

पडद्यावर पंचकाकांना बेड्या घालून नेत होते, आणि सोफ्यावर बसलेल्या पंचकाकांच्या पोटात हसू मावत नव्हतं.