मोडता घालणारी वकीलबाई

घर घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही बिरवाडीत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. नवरा तिथल्याच एका केमिकल कंपनीत, मी पोलादपूरच्या हायस्कुलात शिक्षिका. आधी महाडमध्ये फ्लॅट बघितले. तिथे प्रत्येक इमारतीत "पाणी इथवर कधीच आलं नाही" असं शपथेवर सांगणारा एक माणूस भेटायचा, आणि त्याच्या पाठीमागची भिंत नेमकी खांद्यापर्यंतच नव्याने रंगवलेली असायची.

शेवटी पोलादपूरला, जरा उंचावर, एक बैठं घर पसंत पडलं. तीन खोल्या, मागे पेरूचं झाड. मालक मुंबईत स्थायिक झालेले निवृत्त गृहस्थ. पांढरी पँट, पांढरे बूट. "मला पैशाचं काही नाही हो, घर चांगल्या माणसांच्या हातात जावं एवढंच," असं ते दर भेटीत म्हणायचे, आणि दर भेटीत चांगल्या माणसांसाठीची किंमत थोडी वाढलेली असायची.

मग प्रश्न आला वकिलाचा. बाजारात पाव किलो वांगी घेताना आपण एकेक वांगं उलटून बघतो. जन्माची कमाई घालून घर घेताना मात्र ज्याचा नंबर पहिल्यांदा मिळेल तो वकील. आम्हाला तर तेवढंही करावं लागलं नाही, घर दाखवणारा एजंटच आम्हाला गाडीत घालून महाडला त्याच्या वकिलाकडे घेऊन गेला.

वकीलसाहेबांच्या भिंतीवर त्यांच्या सत्काराचे इतके फोटो होते की पुस्तकांना जागाच उरली नव्हती. त्यांनी चहा मागवला आणि चहा यायच्या आत घराचा टायटल रिपोर्टही छापून दिला. मालकी स्वच्छ, कोणाचा हक्क नाही, कसला बोजा नाही. मी वाचायला घेतला तर खरेदीदार म्हणून भलत्याच कोणाचं तरी नाव.

"कंप्युटरची चूक," साहेब म्हणाले.

"आणि साहेब दोन्ही पार्ट्यांचं काम बघतात," एजंट कौतुकाने म्हणाला, "म्हणजे भांडणाचा प्रश्नच येत नाय."

आपला गडी तोच समोरच्याचाही गडी असला की कुस्ती होत नाही, हे खरंच.

दुसरा वकील घरचाच निघाला. नवऱ्याचा मुंबईचा मामेभाऊ. "वहिनी, घरचा माणूस असताना बाहेर कशाला जाता?" म्हणाला. त्याचं सगळं आयुष्य अपघाताच्या केसेसमध्ये गेलेलं, पण घर घेणं हाही एक अपघातच असतो म्हणून मी गप्प बसले. सगळे कागद फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले. चाळीस पानं. अर्ध्या मिनिटात त्याचं उत्तर आलं: वर केलेला पिवळा अंगठा.

मी एजंटला विचारलं, "इथे पोलादपूरला कोणी वकील नाही का?"

"एक बाई हाय, पण तिच्याकडे जाऊ नका मॅडम. उगाच मोडता घालते. माझे तीन व्यवहार मोडले तिने."

आजवर मिळालेल्या शिफारशींत ही एकच मला भरवशाची वाटली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे गेले.

पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली, टेबलावर पिठाचा थर, मागे साठीची बाई. तिने बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही. "कागद आणलेत, की फोनवर दाखवणार?" एवढंच विचारलं. मी पिशवी पुढे केली. दीड तास ती वाचत होती आणि मी खालच्या गिरणीचा आवाज ऐकत होते. शेवटी म्हणाली, "आधी कोणाची नावं लागली, कोणाची उडाली, ते जुने फेरफार यात नाहीत. मी तहसीलमधून काढते. आठ दिवसांनी या."

आठ दिवसांनी गेले तेव्हा तिने एक झेरॉक्स पुढे टाकली.

"मालकाला बहीण आहे, माहीत आहे?"

"नाही. ते तर एकुलते एक म्हणाले."

"वडील वारल्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलेलं आहे. दोन वर्षांनी उडालंय. हक्क सोडते असा साध्या कागदावर अर्ज, खाली अंगठा. रजिस्टर केलेलं काही नाही."

"मग काय करायचं?"

"घ्या की घर. उद्या ती किंवा तिची मुलं कोर्टात गेली की तुमची केस मीच चालवीन. मला कामच मिळेल."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो ताटावरून उठायचाच बाकी राहिला. "आपण वकील केलाय की वैरी? त्या महाडच्या साहेबांनी तर दहा मिनिटांत रिपोर्ट दिला होता!"

"हो, दुसऱ्याच माणसाच्या नावाने," मी म्हटलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघं त्या बहिणीला शोधत निघालो. डोंगरातल्या एका वाडीवर ती अंगणवाडी सेविका होती. आम्ही पोचलो तेव्हा मुलांना खिचडी वाढत होती. मी ओळख सांगितली आणि झेरॉक्स दाखवली. तिने पदराला हात पुसले, चष्मा लावला, कागद उन्हाकडे धरला.

"अंगठा? माझा?"

ती आत गेली आणि एक जुनं हजेरीपुस्तक घेऊन आली. प्रत्येक पानाखाली निळ्या शाईत पूर्ण नावाची ठसठशीत सही, खाली रेघ.

"सातवी पास हाय मी. ह्या अर्जाच्या सालात ह्याच खोलीत पोरांना बाराखडी शिकवत होते. मी अंगठा कशाला लावीन गो?"

तिने हजेरीपुस्तक मिटलं. मग विचारलं, "घर इकतोय व्हय तो? मला कोन बोल्ला नाय. मागला पेरू हाय का अजून?"

मी हो म्हटलं, आणि माझी मलाच लाज वाटली. मी माझा कागद स्वच्छ करायला आले होते आणि तिच्या बापाचं घर चाललंय ही बातमी तिला माझ्याकडून कळत होती.

"घर तुला हवा तर घे बाय, मी आडवी येनार नाय," ती म्हणाली. "पन त्याला सांग, हितं ये, बस, आनि मला तोंडान बोल."

मालकांना फोन करून तिचा निरोप सांगितला. "गावच्या बायकांना काय कळतं मॅडम? तुम्ही तिकडे गेलात कशाला?" हे पहिलं उत्तर. अंगठ्याचं विचारल्यावर म्हणाले, "आईने केलं असेल. मी तेव्हा ड्युटीवर होतो." आई देवाघरी गेलेली असली की असा फार उपयोग होतो.

मी वकीलबाईला म्हटलं, तुम्हीच त्या बहिणीचंही काम बघा. ती ताडकन म्हणाली, "मी तुमची वकील आहे, तिची नाही. तिने आपला वकील बघावा." बहिणीने वकील बघितलाच नाही. आपल्या वळणदार अक्षरात तलाठ्याला अर्ज लिहिला: माझ्या सहीशिवाय या घराच्या व्यवहाराची नोंद करू नये. त्यानंतर मालकांना अचानक गावाची ओढ लागली.

पेढ्यांचा बॉक्स घेऊन ते टॅक्सीने आले. बहिणीने मला साक्षीला बोलावलं होतं. आधी तिने सगळ्या मुलांना जेवू घातलं, तोवर मालक पांढऱ्या पँटमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसले. मग त्यांनी लहानपणच्या आठवणी काढल्या.

"अंगठा कोनाचा?" बहिणीने विचारलं.

"जाऊ दे ना आता. झालं ते झालं."

"नाय जायाचा."

ते दाराबाहेर काढून ठेवलेल्या बुटांकडे बघत राहिले. मग पुटपुटले, "चुकलं."

"मोठ्यान बोल. मला कमी ऐकायला येता."

तिला उत्तम ऐकायला येत होतं. ते मोठ्याने म्हणाले. मग तिने पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि मुलांना वाटून टाकला. अंगठा कोणाचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

खरेदीखतात विकणारे दोघं झाले. बहिणीचं नाव आधी, अशी तिची अट होती. तिच्या वाट्याचा चेक तिच्या नावाने निघाला. सही करण्याआधी तिने सगळं खत वाचलं, दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या. वकीलबाईने त्या निमूट दुरुस्त केल्या. तिला कोणाचं ऐकताना मी त्या दिवशीच पाहिलं. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी पेढे नेले तर ती म्हणाली, "घरपट्टीला अजून तुमचं नाव लागलेलं नाही. पेढे कसले वाटता?"

आम्ही दिवाळीच्या आधी राहायला आलो. बहीण मीटिंगसाठी पोलादपूरला उतरली की येते. पहिल्यांदा आली तेव्हा उंबऱ्याशी थांबली. मी दोनदा "या" म्हटल्यावर आत आली, पण थेट मागच्या दाराने बाहेर पडली आणि पेरूखाली उभी राहिली. मी चहा तिथेच नेऊन दिला. माझ्या चहात साखर फार पडते असं तिचं मत आहे, आणि ते ती दर खेपेला सांगते.