वैरागडचा दरवाजा कोणी उघडला?

चंद्रपूर सोडताना जटपुरा दरवाजापाशी बस अडकली. गोंड राजांच्या परकोटाच्या कमानीखालून ऑटो, सायकली आणि एक म्हैस निवांत चालली होती. पुढे इतकं डौलदार काही दिसणार नाही, असं वाटून मी खिडकीतूनच फोटो काढले.

मी काल्पनिक राज्यांच्या लढाया लिहितो. नव्या कादंबरीत वेढा पडलेल्या किल्ल्याचा दरवाजा आतला एक लाचखाऊ सरदार उघडतो. संपादकबाईंना तो साफ खोटा वाटला. सरदार सुधारल्याशिवाय पुस्तक निघणार नव्हतं, म्हणून खरा किल्ला बघायला निघालो.

मूलच्या पुढे धान कापलेल्या बांध्या (भातखाचरं), मग गडचिरोली, आरमोरी. वैरागडला मेश्राम सरांकडे उतरलो. ते शाळेत इतिहास शिकवतात. त्यांनी खंदक, बुरूज, दरवाजे सगळं हौसेने दाखवलं. मी मापं घेतली, पायात काटा मोडून घेतला, पण सरदार होता तसाच राहिला.

रात्री भात आणि लाखोळीचं वरण होतं. सरांची आई तापाने फणफणली होती, तरी तिचा जीव मोहफुलांत. "तीन झाडं आमच्या घरची हायेत," ती मला म्हणाली. "दुसरं कोनी हात नाई लावत." म्हणजे तिने वेचली नाहीत, तर फुलं मातीत जाणार. सरांनी झोपताना तिच्या खोलीला बाहेरून कडी घातली.

मी सपरीत (ओसरीत) झोपलो होतो. पहाटे दारामागून आवाज आला.

"भाऊ, कडी काढा ना. मोहा पडून राह्यला असन. गाई खाऊन टाकतीन."

"आई, ताप आहे तुम्हाला."

"ताप जाईन. मोहा वर्षातून एकदाच येते ना, भाऊ."

ती रडत होती. मला ऐकवेना. मी कडी काढली.

तिच्यामागे टोपली घेऊन मीही गेलो. झाडाखाली फिकट पिवळा सडा पडला होता. ती बसून वेचत होती, मध्येच धापा टाकत होती. उजाडता उजाडता सर धावत आले.

"कडी कोनं काढली?"

"मी."

सरांनी आईच्या कपाळावर हात ठेवला आणि ते तिच्या शेजारी बसून वेचू लागले.

परतीच्या बसमध्ये मी सरदाराला कादंबरीतून हाकलून दिलं. आता वेढा मोहाच्या दिवसांत पडतो. आत बायका कोंडलेल्या, बाहेर त्यांची झाडं. दरवाजा एक साधा पहारेकरी उघडतो. संपादकबाई खूश झाल्या.

काल सरांचा फोन आला. आईला दवाखान्यात ठेवलंय, सलाईन चालू आहे. ते माझ्यावर रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

दरवाजा उघडल्यावर शत्रू आत शिरतो, ते प्रकरण माझ्याच्याने अजून लिहवलेलं नाही.