भांगेच्या कुंडीतलं पंचामृत

काशीतल्या आमच्या घरात सगळ्यात लाडाचं कोण होतं, तर गच्चीवरचं भांगेचं झाड. नव्या सुनेचा नंबर त्यानंतर. नव्वदीच्या सुरुवातीला मी लग्न होऊन सांगलीहून ब्रह्मा घाटावर आले. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला देवघर दाखवलं, स्वयंपाकघर दाखवलं आणि मग गच्चीवर नेलं. सगळ्यात जास्त वेळ आम्ही गच्चीवर होतो.

माहेरी हे सांगायची सोय नव्हती. याज्ञिकाच्या घरात भांग म्हटल्यावर आईनं डोक्याला हात लावला असता. बनारसला त्याचं कुणाला काही वाटत नाही. संध्याकाळी वाटाण्याएवढी गोळी घ्यायची, वर पाणी प्यायचं आणि घाटावर गप्पांना बसायचं, असे सभ्य गृहस्थ गल्लीगल्लीत. शिवरात्रीला महादेवाला बेलाबरोबर भांगही वाहतात. भांग सरकारी दुकानात मिळे, पण मामंजींचं म्हणणं, "तिथली पानं धुळीनं माखलेली. देवाला घरचीच पाहिजे."

गच्चीवर माती चढवायची म्हणजे वजन. घरात पूजेच्या नारळांच्या शेंड्या मात्र पोत्यानं पडलेल्या. मामंजी त्या कुटायचे, भिजत घालायचे, लाल पाणी फेकून पुन्हा भिजत घालायचे आणि तो काथ्या कुंडीत भरायचे. शेजारचे पंडाजी त्यांच्या गच्चीवरून हसायचे, दोर वळायला बसलात का म्हणून.

"का गुरू, रस्सी बटोगे का?"

"आप देखते जाइए, महाराज. शिवरात्रि पर आपको भी यहीं से मिलेगी."

मला मात्र मामंजी मन लावून शिकवायचे. "हे बघ, काथ्यात अन्न नसतं. तो पाणी धरून ठेवतो, बस्स. रोजचं ताट आपण वाढायचं, तेही पातळ." मोहरीची पेंड, जिला ते खली म्हणत, भिजवून तिचं पिवळं पाणी कुंडीत जायचं. कार्तिकात झाडाला फुलोरा धरला की पथ्य बदलायचं. खली कमी, चुलीतल्या राखेचं निवळलेलं पाणी जास्त, मध्येच केळीच्या सालींचं. आणि अधूनमधून काथ्या साध्या पाण्यानं धुवून काढायचा, साचलेला खार निघून जावा म्हणून. "पोटुशी आहे ती," ते म्हणायचे, "जड काही सोसायचं नाही." पुढे मला डोहाळे लागले तेव्हा एवढी चौकशी कुणी केली नाही.

घरात या झाडाला एकच विरोधक होती, आत्या. मामंजींची धाकटी बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन भावाकडे आली ती तिथलीच झाली. "देवाच्या नावावर नशा, दुसरं काय!" असं ती रोज म्हणायची आणि रोज पूजेनंतर गच्चीवर जाऊन पळीभर तीर्थ त्या कुंडीत घालायची. मी एकदा बघितलं, तर म्हणाली, "बोलू नकोस हं दादाला. उगाच चढून बसेल."

मार्गशीर्षात सोलापूरचे यजमान आले. आमच्याकडेच लघुरुद्र झाला. अभिषेकाचं पंचामृत बादलीभर उरलं. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं त्यात. आमच्या घरात तीर्थ मोरीत ओतणं म्हणजे पापच, त्यावर पाय पडतात. एक तर तुळशीला घालायचं, नाही तर गंगेत सोडायचं. तुळस आधीच नाकातोंडापर्यंत भरली होती. राहिली गंगा. सकाळपासून दोनदा घाट उतरून चढले होते, पायऱ्या गारठलेल्या, वारा कापत होता, आणि गच्ची फक्त एक जिना वर. मी मनाशी म्हटलं, महादेवाचा अभिषेक महादेवाच्याच झाडाला, यापेक्षा योग्य जागा कुठली? पुण्याचं काम केल्यासारखी बादली ओतून आले.

मातीनं थोडं खाली सोडलं असतं. काथ्यानं सगळं पोटाशी धरून ठेवलं.

आधी मुंग्या आल्या. मग पानं पिवळी पडून लोंबली. ऐन भरातला फुलोरा काळवंडला, त्यावर बुरशी धरली. मामंजींनी काथ्या उकरला, नाकाशी नेला आणि तिथूनच ओरडले, "दही! यात दही कुणी घातलं?"

आम्ही दोघी खाली तांदूळ निवडत होतो. मी तोंड उघडलंही होतं. पण माझ्या आधी आत्या उठली, जिन्याच्या तोंडाशी गेली आणि पडलेल्या आवाजात म्हणाली, "मी रे दादा. रोज तीर्थ घालत होते. एवढंसंच."

"तुला ते पहिल्यापासून खुपत होतं."

"अरे, मी चांगल्यासाठी..."

"बस कर."

मी तोंड मिटलं आणि तांदूळ निवडत राहिले. पळीभर तीर्थानं झाड मरत नाही, हे मला त्याच क्षणी कळत होतं.

त्यानंतर मामंजींनी बहिणीशी बोलणं टाकलं. जेवायला शेजारी बसायचे आणि मला सांगायचे, "सूनबाई, तिला म्हणावं मीठ सरकव." आत्या मीठ सरकवायची. "सूनबाई, त्यांना विचार, भात वाढू का." मी मधोमध उभी, टेलिफोनच्या तारेसारखी. ऐकायला गंमत वाटेल. पण आत्या हळूहळू जेवायला मागे राहू लागली, आणि एक दिवस म्हणाली, ग्वाल्हेरला धाकट्या भावाकडे जाते. थोडे दिवस म्हणाली, पण ट्रंकेत तिनं देवसुद्धा भरले. उभा जन्म ज्या घरात काढला तिथून ती मनानं उठली होती. निघताना माझ्या हातावर साखर ठेवून म्हणाली, "दादाला सांभाळ. आणि ते झाड पुन्हा लावलंन, तर त्याला माझ्यासारखं काही करू नकोस." आमच्या यांनी रिक्षा आणली. मी दारात उभी राहून हात हलवला.

शिवरात्रीला मामंजी दुकानातून पुडी घेऊन आले. पंडाजींनी विचारलं, "का गुरू, घर की कहाँ गई?" मामंजी हसले नाहीत. संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, "मामंजी, तेव्हा मीसुद्धा थोडं पंचामृत घातलं होतं. वाटीभर."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "वाटीभर," ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी ग्वाल्हेरला गेले आणि एकटेच परत आले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"मजेत आहे. गीझर आहे तिथं. म्हणते, तुमच्या घाटाच्या थंडीत परत कोण येतो!" मग टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "मी सांगितलं तिला, माझीच चूक, काथ्या नीट धुतला नव्हता. तिला काही पटलं नाही."

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी नवं झाड लावलं आणि कार्तिकात त्याचा फुलोरा बघायला म्हणून बहिणीला बोलावून घेतलं. आली. गच्चीवर आम्ही तिघं होतो. माझ्या हातात राखेच्या पाण्याचा तांब्या. आत्या कुंडीपासून लांब, कठड्याला टेकून, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

"अगं, जवळ ये. चावत नाही ते."

"नको दादा. मी आपली लांबूनच बघते. माझा हात वाईट."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला वेळ दिला, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगते. मी तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. वाटीभर नव्हतं, बादलीभर होतं, आणि तो हात माझा होता, एवढंच म्हणायचं होतं. आत्या वारेपर्यंत मला ते म्हणता आलं नाही, मामंजी जाईपर्यंतही नाही.

शेवटी मामंजींनी माझ्या हातातून तांब्या घेतला, बहिणीचा हात पाठीमागून ओढून काढला आणि त्यात दिला.

"घाल तूच."

"अरे, मरेल ते!"

"मरू दे. घाल."

आत्यानं थेंबथेंब पाणी घालायला सुरुवात केली, अगदी तान्ह्या मुलाला पाजावं तसं. दर दोन थेंबांनी भावाकडे बघायची.

"पुरे?"

"अजून."

"आता?"

"घाल गं, कंजूष कुठली!"

ती खुदकन हसली आणि तांब्या रिकामा केला. ट्रंक ग्वाल्हेरहून यांनी पुढच्या महिन्यात आणली.