शेवंतीचा बरा झालेला गुडघा

मला फार राग येतो. या वयात रक्तदाब सांभाळावा, असं सून म्हणते. मी सांभाळला असता, पण शेवंतीचं जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि ते आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

शेवंती आमच्या कोपरची. खाडीकाठच्या जुन्या गावठाणातली. डोंबिवली पश्चिमेला मासळी विकायला बसते. मी तिच्याकडून मासे घेते त्याला एक पिढी उलटून गेली. मासा शिळा असला तर ती स्वतःच सांगते, "मास्तरीण बाय, यो नको नेव." शेजारच्या बायका तिच्यावर चिडतात, कारण तिच्या एका वाक्याने सगळ्या ओळीचा धंदा बसतो. तिला खोटं बोलायचा कंटाळाच आहे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. भाऊ कुंडलिक अजून खाडीत होडी घालतो. त्याची बायको गेल्यावर त्याची पोर रसिका शेवंतीनेच वाढवली.

ही रसिका माझी विद्यार्थिनी. बारावीनंतर तिने फिजिओथेरपीला प्रवेश घेतला. का, तर आत्याचा गुडघा. मासळीच्या पाटीपुढे उकिडवं बसून बसून शेवंतीचा उजवा गुडघा कामातून गेला होता. उठताना ती आधी पाटीला धरायची, मग शेजारणीला, मग देवाचं नाव घ्यायची.

कॉलेज टिटवाळ्याच्या पुढे, खडवलीच्या रस्त्याला. इमारत झकास, काचा निळ्या, दारात गणपती. आत पेशंट मात्र नाहीत! फिजिओथेरपी शिकवायची म्हणजे दुखणारी माणसं हवीत. आखडलेला खांदा, अपघातात मोडलेला पाय हे सगळं स्वतःच्या हातांनी हाताळायला हवं. ही पोरं चार वर्षं एकमेकांचे धडधाकट गुडघे वाकवत शिकली. शिकवणारे निम्मे मास्तर फक्त कागदावर होते, पगारपत्रकात सही करायला कल्याणहून येत. संस्थाचालकांना सगळे 'साहेब' म्हणतात. यांचा धंदा आधी वाळूचा होता. कॉलेज काढायला काय लागतं, तर जमीन आणि ओळख. ती दोन्ही होती.

रसिकाची इंटर्नशिप संपत आली तेव्हा इन्स्पेक्शन लागलं. अशी समिती येते, पेशंट, मशिनं, शिक्षक बघते आणि मग मान्यता पुढे चालू राहते. मान्यता असेल तर त्या बॅचची राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी होते, प्रत्येकाला नंबर मिळतो. नंबर नसेल तर पदवी नुसती भिंतीवर लावायची. कुणाच्या अंगाला हात लावून उपचार करता येत नाहीत. कॉलेजने पोरांना फर्मान काढलं, प्रत्येकाने आपापल्या गावचे पेशंट आणा. साहेबांचा ड्रायव्हर बंटी टेम्पो घेऊन गावोगाव फिरला. बाकीच्या पोरांनी नाक्यावरची रिकामी माणसं आणली. ती रोजावर कण्हायला तयार होती.

रसिकाला वाटलं, चला, या निमित्ताने तरी आत्याचा गुडघा कुणी मोठा डॉक्टर बघेल. तिने घरी येऊन सांगितलं, "आत्या, आमच्या कॉलेजला कॅम्प आहे, ज्यांचं ज्यांचं दुखतं त्यांना घेऊन ये."

झालं! पोरीच्या कॉलेजचं बोलावणं आलं, आणि बोलावणं आलं की या गावच्या बायका कशा जातात हे ज्याने इथली हळद पाहिली आहे त्याला सांगायला नको. सगळ्या जणी एकाच रंगाची लुगडी नेसल्या, पोपटी. अंबाड्यात गजरे, गळ्यात असेल नसेल ते सोनं. मुलीच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून बरोबर टोपलीभर जिवंत चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, घेतल्या. टेम्पोतून गाणी म्हणत गेल्या.

समितीत एक मॅडम होत्या. त्यांनी ओपीडीचं दार उघडलं तर समोर पलंगापलंगावर पोपटी लुगड्यातलं वऱ्हाड बसलेलं. बंटीने वाटेत सगळ्यांना पढवलं होतं, "कोणी विचारलं तर तीन महिन्यांपासून येतो बोलायचं, क्या समझे?" मॅडमनी नेमकं शेवंतीला विचारलं, "मावशी, तुम्ही इथे कधीपासून येता?"

शेवंतीने खुशाल सांगितलं, "आमी आजच आयलू. या बंटीनं टेम्पो धाडला. पोर आमची हाय ना इथं." आणि चिंबोऱ्यांची टोपली मॅडमच्या हातात दिली.

हे मला रसिकाने रडत रडत सांगितलं, आणि मी आधी पोट धरून हसले. मग अहवाल आला. त्यात शेवंतीचं नाव आणि तिचं वाक्य जसंच्या तसं होतं. मान्यता थांबली, अख्ख्या बॅचची नोंदणी अडकली. ठाण्याच्या ज्या क्लिनिकने रसिकाला नोकरी कबूल केली होती त्यांनी सांगितलं, नंबर आला की या, तोवर शेकायच्या पिशव्या गरम करून द्यायच्या असतील तर द्या. तिने तेही केलं. चार वर्षं शिकलेली पोर दिवसभर पाणी तापवत होती.

आणि खापर कुणावर फुटलं? शेवंतीवर! पोरांचे आईबाप फोन करून तिला बोलले. गावात बायका म्हणाल्या, शेवंतीनं सोन्यासारख्या पोरीचं वाटोळं केलं. साहेबांना कुणी एक शब्द विचारला नाही. ज्याने दवाखान्याशिवाय कॉलेज चालवलं तो मोकळा, आणि जिने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं ती गुन्हेगार. याला काय म्हणायचं?

शेवंती बाजारात यायची, पण मान खाली. मी विचारलं तर म्हणाली, "मना काय ठावं बाय, खरा बोलला तर पोरीचा नुकसान होतं म्हनून."

मी रसिकाला घेऊन साहेबांकडे गेले. शेवंतीही आली. केबिनमध्ये एसी इतका की शेवंतीने पदर कानांवरून घेतला. मी म्हटलं, "या मुलांना दुसऱ्या मान्यताप्राप्त कॉलेजात इंटर्नशिप करू द्या, नोंदणीचं बघा, नाहीतर आम्ही तक्रार करतो."

साहेब हसले. "करा ना बाई. कोर्टात केस चालेल, तोवर या पोरींची लग्नं होऊन पोरं शाळेत जातील. त्यापेक्षा सोपं सांगतो. मी अपील केलंय, फेरतपासणी होणार आहे. या मावशींनी एवढंच सांगायचं, त्या दिवशी घाबरून चुकीचं बोलले. इथेच उपचार घेते, गुडघा बरा झाला. बस्स. चालून दाखवायचं."

"अहो, तिला धड उभं राहता येत नाही!" मी ओरडले.

"मग पोरींच्या नशिबात नाही," असं म्हणून त्यांनी फोन उचलला.

बाहेर आल्यावर रसिका आत्याला बजावत होती, "तू अजिबात यायचं नाहीस हां. मी पिशव्या गरम करेन आयुष्यभर, पण तू यायचं नाहीस."  शेवंतीने पोरीच्या गालावरून हात फिरवला. तिचं ठरलं होतं.

फेरतपासणीला ती रसिकाला न सांगता गेली. सकाळपासून दुखण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. किती, ते तिलाही आठवत नाही. या खेपेला कॉलेज चकाचक होतं. मशिनं भाड्याची, मास्तर पूर्ण हजर. नव्या समितीने तिला नावाने हाक मारली. शेवंतीने सांगितलं, "तवा मी भ्यायले, उलटा बोलले. इथलेच पोरींनी माजा गुरघा बरा केला." साहेब म्हणाले, जिना चढून दाखवा. ती चढली आणि उतरली. कठड्याला हात लावला नाही. समितीतले एक सर टाळ्या वाजवून म्हणाले, छान रिझल्ट आहे. साहेबांनी तिथल्या तिथे फोटो काढून घेतला. जन्मात शिळा मासा ताजा म्हणून न विकलेली बाई त्या दिवशी एवढं मोठं खोटं विकून आली, आणि ते लगेच खपलं. तिच्या खऱ्याला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

मान्यता आली. रसिकाला नंबर मिळाला. ठाण्याच्या क्लिनिकमध्ये आता ती पेशंट बघते, आणि चांगली बघते, कारण जे कॉलेजने शिकवलं नाही ते ती रोज वरिष्ठांकडून शिकते आहे. गावात पेढे वाटले गेले. टिटवाळा स्टेशनबाहेर कॉलेजचा फ्लेक्स लागला, त्यावर हसरी शेवंती, 'गुडघेदुखीतून कायमची सुटका', प्रवेश सुरू. मी फाडायला निघाले होते, कुंडलिकने हात धरला.

गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले होते. रसिकाला सुट्टी होती. तिने घरात सतरंजी घातली, उशी ठेवली, तेल कोमट केलं आणि म्हणाली, "आत्या, ये. तुझ्यासाठी तर शिकले मी. आज पहिल्यांदा नीट बघते."

शेवंती दारातच उभी राहिली. "मना काय झालंय? माजा बरा हाय."

"आत्या, माझ्यासमोर कशाला नाटक करतेस? सुजलाय बघ केवढा."

"हलू बोल गो!" शेवंतीने बाहेर पाहिलं आणि दार ओढून घेतलं. "बंटी बोलला मना. मावशी, सरळ चालाचा, कोनी बघला तर पोरींचे नंबर परत घेतील. मी कोनाला गुरघा दाखवनार नाय. तुना पन नाय."

रसिकाने तिला खूप समजावलं. असं कुणी नंबर घेत नाही, बंटी घाबरवतो. मीही समजावलं. शेवंती ऐकून घेत होती आणि नकारार्थी मान हलवत होती. मग बाजाराची वेळ झाली म्हणून तिने पाटी डोक्यावर घेतली. गल्लीत माणसं होती. ती भिंतीला, दाराला, कशालाही न धरता पायऱ्या उतरली आणि ताठ चालत गेली.