मामाची पाठ

आमच्या मामाला लाज म्हणून नव्हती. घरी पाहुणा आला, पाणी पिऊन त्यानं पेला खाली ठेवला, की मामा पाठ फिरवून सदरा वर करायचा. "शोध बरं, ऑपरेशन कुठं झालाय." पाहुणा बिचारा वाकून शोधत बसायचा. कमरेपाशी नखाएवढा व्रण सापडला की मामा खूश. त्या खुशीचाच मला आता राग येतो.

भिवंडीजवळ वडप्याला गोदामं आली तशी मामाच्या अर्ध्या गावानं तिकडची वाट धरली. मामा माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागला. वॉशिंग मशीन पाठीवर घेऊन ट्रकची फळी चढताना म्हणायचा, "तुझ्या मामीपरीस हलकी हाय." हे मामीला कळायचंच, कारण सांगायचाही तोच.

मग एकदा कमरेपासून टाचेपर्यंत कळ उठली ती थांबेना. मी भिवंडीत शाळेत शिकवते, म्हणून दवाखान्याचं सगळं माझ्याकडे आलं. डॉक्टर म्हणाले, "मणक्यांमधली गादी सरकून नस दाबतेय. पाठीचे स्नायू कापायचे नाहीत. ते नुसते बाजूला सारून बारीक नळीतून आत जाऊ आणि नस दाबणारा तुकडा काढू."

"म्हंजे कपडा न फाडता अस्तर काढायचा," मामा म्हणाला.

डॉक्टर हसले. "तसंच. पण आत जखम असतेच, मामा. मी सांगेपर्यंत ओझं उचलायचं नाही."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच्या पायांनी घरी आला. कळ गेली होती. डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं होतं, त्यांना मी बोल लावणार नाही.

गोदामात एक रिवाज होता. हलकं काम हवं असेल तर मुकादमापुढे अंगावरचा टाका दाखवायचा. ज्याची पाठ वीतभर फाडलेली, त्याला खोक्यांवर लेबलं चिकटवायला बसवायचे. मामाही ऐटीत दाखवायला गेला. मुकादम म्हणाला, "मामू, ये तो मच्छर ने काटा है." सगळे हसले, मामाही हसला. डॉक्टरांची चिठ्ठी मुकादमानं न वाचताच परत केली. घरी मामीचंही तेच. "एवढ्याशा टाक्याला किती दिस निजायचा?" मी ओरडून सांगत होते, पण माझं ऐकतो कोण? मामा तर म्हणायचा, "काय होत न्हाय. बघ ना, टाका दिसतो तरी का?"

तो पुन्हा ओझी उचलू लागला, आणि एक दिवस फ्रिज उतरवताना फळीवरच गुडघ्यांवर बसला. गादी पुन्हा सरकली होती. यावेळी पाऊलच उचलेना. मोठी चीर देऊन मणके स्क्रूनं जोडावे लागले. कळ थांबली, पाऊल मात्र फरफटतच राहिलं.

हिंडूफिरू लागल्यावर मी त्याला गोदामावर घेऊन गेले, निदान लेबलांचं तरी काम द्या म्हणायला. मुकादमानं पाठ पाहिली, नीट पाहिली, आणि स्वतःच सदरा खाली ओढला. "मामू, इतना बड़ा ऑपरेशन हुआ है. अब तुमको काम पे कौन रखेगा?"

मी तोंड उघडलं तेवढ्यात मामानं माझा हात दाबला. "भांडू नको पोरी. बरोबर हाय त्याचा. मी पन न्हाय ठेवला असता."

मुकादमावरचा माझा राग केव्हाच निवला. मामा गेला, तरी त्याच्यावरचा जात नाही.