हसकेलसेठच्या चौकटीवरची नळी

गाडी जुंपून तयार होती, पोरं गाठोड्यांवर बसली होती आणि मी अडकित्त्यानं दाराच्या चौकटीतून एक नळी उकरत होतो. रझाकारांच्या भीतीनं जालना सोडून, निजामाची हद्द ओलांडून देऊळगावराजाला पोहोचायचं होतं. बायको गाडीतून ओरडत होती, "आपले देव घेतले, मंग सेठचा काहून ठेवता? तो काढल्याबिगर म्या न्हाई येत."

ते घर हसकेलसेठच्या वडिलांनी बांधलेलं. यहुदी माणसं, कापसाचा मोठा व्यापार. घडीव दगडाचं जोतं, रंगीत काचांच्या खिडक्या. मी आष्टीहून कापसाच्या गाड्या आणायचो तेव्हा त्या दाराबाहेर उन्हात ताटकळायचो. तेव्हाच ठरवलं, हे घर घेईन. पुढं दलाल झालो आणि सेठ मुंबईला जायला निघाले तेव्हा घेतलंही. जालन्यात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्या मंडळींनो, तुमच्यातले काही अजून म्हणतात की मी सेठला लुबाडलं. साफ खोटं. घराचा भाव मी बराबर दिला.

भांडण झालं ते नळीवरून. निघायच्या दिवशी सेठ ती बोटभर पत्र्याची नळी काढू लागले. मी हात आडवा घातला. "सेठ, ठोकलेलं ते घरासोबत विकलेलं. खिळासुद्धा."

ते म्हणाले, "काळे, ये घर का नहीं, घरवालों का है."

मी हललो नाही. त्यांनी ओसरीवरचा झोपाळा देऊ केला. मग दिवाणखान्यातला बेल्जियमचा आरसा. माझे वडील सांगायचे, "समोरचा काय बोलतो ते ऐकू नको, किती देतो ते पाह्य." आरसा देतो म्हणजे आत सोनंच असणार! मी अडून बसलो. शेवटी सेठनं नळीला बोटं लावली, तीच बोटं ओठांना टेकवली आणि ते टांग्यात जाऊन बसले. झोपाळा नेला, आरसाही नेला.

नळी उघडली तर आत चामड्याची गुंडाळी, बारीक अक्षरांची. त्यांच्या देवाचे शब्द, हे नंतर एका मौलवींनी सांगितलं. संतापून मी ती पुन्हा ठोकली आणि चौकटीसोबत निळा रंग फासला.

निजामावरच्या पोलीस कारवाईनंतर जालन्याला गेलो. घरात भलतीच माणसं. एकानं दारातच अडवलं, "किससे काम है?" मी घरमालक, आणि पुन्हा त्याच उन्हात उभा! चौकटीवर निळ्या रंगात बोटभर जागा कोरी दिसत होती. तिथून नळी परत करायला तडक मुंबई गाठली. सेठ देश सोडून गेले होते; कुठं, ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

आता खामगावात बस्तान आहे. धंदा जोरात, घर पक्कं. तरी आत शिरताना सेठसारखाच माझा हात चौकटीकडे जातो आणि रिकामा खाली येतो. जालन्याच्या त्या सगळ्या दगडांमधून माझ्याकडे उरली ती एवढी नळी, आणि ती माझी नाही. ट्रंकेत पडून आहे. इथं ठोकायचा मला हक्क नाही, फेकायची हिंमत नाही.

सेठनं तेव्हा नीट सांगायला पाहिजे होतं, असं मी आजही चिडून म्हणतो.

बायको भाकरी थापता थापता म्हणते, "सांगितलं व्हतं की त्यायनं. तुमी भाव ऐकून राह्यले व्हते."